जुन्या रीडिंगच्या फाइलीवरून प्रिंटरचे प्रोफाइल तयार करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रूफ (अंतिम छपाई कशी दिसेल हे दाखवणारा नमुना) काढण्यासाठी आपल्याकडे इंकजेट प्रिंटर आहे आणि तो रिपमार्फत, म्हणजे प्रिंटरला शाईचे आदेश देणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत, चार रंगांत (निळा म्हणजे सायन, किरमिजी, पिवळा आणि काळा) चालतो. तीन वर्षांपूर्वी यंत्र बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने १६१७ पॅचचा, म्हणजे रंगाच्या चौकटींचा, चार्ट छापून स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजायच्या उपकरणाने मोजला होता. त्यावरून केलेले प्रोफाइल, म्हणजे किती शाईला कोणता रंग येतो याचा तक्ता, संगणक बिघडला तेव्हा गेले. रीडिंगची मजकूर-फाइल तेवढी शिल्लक राहिली. मोजायचे उपकरण आता आपल्याकडे नाही. आपण आर्गिल सीएमएस हे रंगव्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरून त्या फाइलीतून नवे प्रोफाइल केले, तपासणीत प्रोफाइल आणि रीडिंग यांतला सरासरी फरक ०.९ आणि सर्वाधिक फरक १४ आला, आणि छापून पाहिल्यावर गडद भाग चिखलासारखे झाले व चेहऱ्यांवर काळपट कण दिसू लागले. फाइल चुकीची आहे की पद्धत चुकली, असे आपण विचारले आहे.

आपण दिलेल्या माहितीवरून मला वाटते की फाइल बहुतांशी चांगली आहे, तिच्यात एका पट्टीपुरती चूक असावी, आणि छपाईतले दोन्ही दोष मूळ सेटिंग जसेच्या तसे ठेवल्यामुळे आले आहेत. मात्र आर्गिलला आज्ञा देण्यापूर्वी ही फाइल नेमकी कशाची नोंद आहे, हे आधी ठरवले पाहिजे. रीडिंगची फाइल त्या दिवशीच्या प्रिंटरची, त्या कागदाची, त्या शाईची आणि रिपमधल्या त्या कॅलिब्रेशनची असते. यांतली एक गोष्ट बदलली तरी फाइलीतले आकडे खरेच राहतात, फक्त ते आपल्या आजच्या यंत्राविषयी नसतात. म्हणून सर्वप्रथम रिपमध्ये त्या कागदासाठी केलेली लिनिअरायझेशनची (प्रत्येक शाईच्या छटा समान टप्प्यांनी वाढाव्यात यासाठीच्या जुळवणीची) फाइल आणि प्रत्येक शाईची वेगळी मर्यादा अजून तशीच आहे का, ते पाहावे. संगणक बदलला असल्याने ही सेटिंग नव्याने बसवली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. ती जुनी सेटिंग बॅकअपमधून मिळाली, तर अर्धे काम झाले असे समजा. ती मिळाली नाही आणि रिप मूळ कारखान्याच्या सेटिंगवर चालत असेल, तर या फाइलीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. कारण चार्टातला ५० टक्के निळा तेव्हा जितकी शाई सोडत होता तितकी आज सोडणार नाही आणि प्रोफाइलचे प्रत्येक उत्तर त्याच गृहीतावर उभे असते.

आता फाइलीकडे वळू. ती नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडावी, एक्सेलमध्ये उघडून पुन्हा त्याच नावाने जतन करू नये, कारण एक्सेल अवतरणचिन्हे आणि टॅब आपल्या मनाने बदलतो आणि मग ती फाइल पुढचे सॉफ्टवेअर वाचत नाही. फाइलीच्या वरच्या भागात उपकरणाचे नाव, मापनाची पद्धत, स्तंभांची नावे आणि एकूण ओळींची संख्या असते. त्याखाली प्रत्येक पॅचची एक ओळ. आपल्या फाइलीत पद्धत एम० अशी नोंदलेली आहे (तिचा अर्थ पुढे येतो) आणि एक्स-वाय-झेड व लॅब (रंग आकड्यांत मांडायच्या दोन पद्धती) यांच्या आकड्यांबरोबर ३८० ते ७३० नॅनोमीटरपर्यंतचे, दर १० नॅनोमीटरला एक असे वर्णपटाचे (त्या त्या तरंगलांबीला किती प्रकाश परतला याचे) ३६ स्तंभ आहेत, हे फार चांगले आहे. वर्णपटाचे आकडे हाताशी असले की बाकीचे आकडे पुन्हा काढता येतात आणि एकमेकांशी ताडूनही पाहता येतात.

पहिली ओळ मी नेहमी कोऱ्या कागदाची शोधतो, म्हणजे चारही शाया शून्य असलेली. समजा तिच्यात लॅबचे एल (उजळपणा) ९५, ए ०, बी उणे २ (ए आणि बी म्हणजे रंगाचा झुकाव) असे आकडे असतील, तर त्याच ओळीत एक्स सुमारे ८४.५, वाय ८७.६ आणि झेड ७४.६ असायला हवेत. हे आकडे डी५० या प्रमाण प्रकाशाचे आहेत आणि छपाईच्या प्रोफाइलला तेच लागतात. झेडचा आकडा वायपेक्षा मोठा, म्हणजे ९८ च्या आसपास दिसला, तर कोणीतरी ते आकडे डी६५ प्रकाशासाठी काढून जतन केलेले आहेत, असे खुशाल समजावे. अशा फाइलीतून प्रोफाइल बिनतक्रार तयार होते आणि छापून आलेला राखाडी रंग मात्र भलतीकडेच झुकतो, कारण सॉफ्टवेअर फाइलीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवते. आपल्याकडे वर्णपटाचे स्तंभ असल्याने ही चूक सापडली तरी ती दुरुस्त करता येईल. दुसरे, शाईचे स्तंभ ० ते १०० मध्ये आहेत की ० ते २५५ मध्ये, आणि ते चार आहेत की तीन, तेही पाहावे. तीन स्तंभ असते तर तो चार्ट रिपशिवाय, प्रिंटरच्या साध्या ड्रायव्हरमधून छापला गेला होता असा अर्थ झाला असता, आणि त्यावरून केलेले प्रोफाइल रिपमध्ये लावता आले नसते.

कोऱ्या कागदाच्या ओळीतून आणखी एक गोष्ट कळते. आपल्याकडचे बहुतेक पांढरेशुभ्र कागद त्यांतल्या ब्राइटनर रसायनांमुळे शुभ्र दिसतात. ही रसायने अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. वर्णपटाच्या स्तंभांत ४४० नॅनोमीटरच्या आसपासचा आकडा शेजारच्यांपेक्षा ठळकपणे उंच, कधी १०० टक्क्यांच्याही वर गेलेला दिसला, तर कागदात ब्राइटनर भरपूर आहे. एम० पद्धतीत उपकरणाच्या दिव्यात अतिनील भाग किती असावा हे काटेकोरपणे बांधलेले नसते, एम१ मध्ये ते डी५० प्रमाणे बांधलेले असते आणि एम२ मध्ये अतिनील भाग काढूनच टाकलेला असतो. प्रूफाच्या कामात हा तपशील थेट उपयोगी पडतो. फोग्रा३९ हा ऑफसेटचा डेटा, म्हणजे ऑफसेट छपाई कशी दिसावी याचे प्रमाण आकडे, एम० च्या काळातला आहे आणि त्यात कागद ९५, ०, उणे २ असा आहे. त्यानंतरच्या फोग्रा५१ मध्ये मापन एम१ चे आहे आणि कागद ९५, १.५, उणे ६ असा, म्हणजे स्पष्टपणे निळसर आहे. आपली फाइल एम० ची असल्याने तिच्यावरून केलेले प्रोफाइल फोग्रा३९ चे प्रूफ काढायला वापरावे. फोग्रा५१ चे प्रूफ या फाइलीवरून काढू नये. संख्या जुळल्यासारख्या दिसतील आणि दिव्याखाली दोन कागद वेगळे दिसतील. आर्गिलमध्ये ब्राइटनरचा परिणाम वजा करण्याचा ‘एफ’ हा पर्याय आहे आणि तो वर्णपटाच्या आकड्यांवर चालतो, परंतु त्यासाठी फाइलीत उपकरणाचे नाव नोंदलेले असावे लागते, आणि फोग्रा३९ साठी काम करताना पहिल्या फेरीत तरी तो बंदच ठेवावा असे माझे मत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर कोणता परिणाम कशामुळे झाला ते कळते.

आता सर्वाधिक फरक १४ आला त्याविषयी. सरासरी ०.९ आणि कमाल १४ हे दोन आकडे एकत्र आले की माझी नजर पहिल्यांदा चुकीच्या पट्टीकडे जाते. प्रिंटर एकूणच डळमळीत असता तर सरासरीही वाढली असती. हातात धरून पट्टी ओढायच्या उपकरणावर पट्टी उलट दिशेने वाचली जाणे, मोजपट्टी एक ओळ खाली सरकणे किंवा तीच ओळ दोनदा वाचली जाणे हे प्रकार होतात. सॉफ्टवेअर त्यांतले बरेचसे पकडते, परंतु सगळे नाही. तपासणीचा जो प्रोफचेक प्रोग्रॅम आपण चालवला, त्यालाच ‘के’ पर्याय देऊन डेल्टा ई २००० (दोन रंगांतला फरक मोजायचे सूत्र) मध्ये फरक मागावा, प्रत्येक पॅच दाखवण्यासाठी ‘व्ही२’ द्यावे आणि फरकाच्या उतरत्या क्रमाने यादी मिळवण्यासाठी ‘एस’ द्यावे. त्या यादीतले पहिले वीस-पंचवीस पॅच चार्टावर कुठे पडतात ते पाहा. ते सगळे एका रांगेत सापडले तर चूक रांगेची आहे. ते चार्टभर विखुरलेले पण सगळेच गडद असतील, तर चूक शाईच्या मर्यादेची आहे, तिच्याकडे मी पुढे येतो.

मला एका छापखान्यातून आलेल्या फाइलीत हे अगदी समोर दिसले होते. केवळ निळ्या शाईचे पॅच वेगळे काढून मी एलचे आकडे वाचत होतो. शाई वाढत जाते तसा एल उतरत जायला हवा. तो ३० टक्क्यांपर्यंत नीट उतरत आला, ४० टक्क्यांना एकदम ८९ वर गेला आणि ५० टक्क्यांना पुन्हा खाली आला. एल ८९ हा भरीव पिवळ्याचा आकडा आहे. ४० टक्के निळ्याचा तो असूच शकत नाही. त्या रांगेतल्या सगळ्या पॅचांचे आकडे उलट क्रमाने भरले गेले होते. आपणही हीच चाचणी चारही शायांवर करा: एका शाईचे पॅच घ्या, बाकीच्या तीन शून्य ठेवा आणि एल सलग उतरतो का ते पाहा. यासाठी फाइलीची वेगळी प्रत एक्सेलमध्ये उघडायला हरकत नाही. कोरा कागद चार्टात एकाहून अधिक ठिकाणी असेल, तर त्या ओळी एकमेकींशी ताडून पाहा. त्यांच्यात अर्ध्या डेल्टा ईपेक्षा जास्त फरक असेल, तर मापनाच्या वेळी उपकरण तापत होते किंवा कागदाखालचा पृष्ठभाग बदलला होता, अशी शंका घ्यावी. पातळ कागदाखाली काळा पृष्ठभाग आहे की पांढरा, एवढ्यानेच कोऱ्या कागदाचा एल दोनने बदलू शकतो.

उलटी पट्टी निःसंशय ओळखता आली तर आकडे उलटवून दुरुस्त करावेत. थोडीही शंका असेल तर त्या ओळी काढून टाकाव्यात. १६१७ पैकी वीस-तीस ओळी गेल्याने प्रोफाइलला फारसे काही होत नाही, कारण शेजारच्या पॅचांवरून ती जागा भरून काढली जाते. पण चुकीच्या वीस ओळी ठेवल्या तर त्या भागातला रंग त्या आपल्याकडे ओढून नेतात. ओळी काढल्यावर वरच्या भागातली एकूण संख्याही तेवढ्याने कमी करायला विसरू नये, नाहीतर फाइल वाचली जाणार नाही. या साफ केलेल्या फाइलीवर टीएक्सटी२टीआय३ हा प्रोग्रॅम पुन्हा चालवावा. तो आपल्या फाइलीचे आर्गिलच्या टीआय३ स्वरूपात रूपांतर करतो.

गडद भागांचा चिखल इथेच, या रूपांतरात सुरू झालेला आहे. हा प्रोग्रॅम चालवताना एकूण शाईची मर्यादा सांगितली नाही, तर तो फाइलीतला सर्वांत जास्त शाईचा पॅच शोधतो आणि तीच मर्यादा धरतो. १६१७ पॅचच्या प्रमाण चार्टात चारही शाया १०० टक्के असलेला पॅच आहे. त्यामुळे आपल्या टीआय३ फाइलीत मर्यादा ४०० टक्के अशी लिहिली गेली, प्रोफाइल करणाऱ्या कोलप्रॉफने ती जवळजवळ तशीच मान्य केली आणि सगळ्यांत गडद रंगांसाठी कागद धरू शकणार नाही इतकी शाई मागितली. आपल्या कागदासाठी खरी मर्यादा किती, हे त्याच फाइलीतून काढता येते. काळी शाई ८० ते १०० टक्के असलेले पॅच वेगळे काढा, चारही शायांची बेरीज करून त्या क्रमाने लावा आणि एलकडे पाहत जा. माझ्याकडच्या एका फाइलीत बेरीज २६० वरून ३०० वर जाताना एल १४ वरून ११ वर उतरला, ३२० नंतर तो उतरायचा थांबला आणि ४०० ला उलट १३ वर चढला. शाई साचून चमकू लागली की असे होते. त्या कागदासाठी मी २९० मर्यादा ठेवली. जिथे एल उतरायचा थांबतो त्या बेरजेच्या साधारण दहाव्या हिश्शाने अलीकडे थांबणे हा माझा नेम आहे, आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कागद आधीच दमट असतो तेव्हा त्याहूनही थोडे अलीकडे थांबलेले बरे. ही मर्यादा कोलप्रॉफला ‘एल’ या पर्यायाने द्यावी. ऑफसेटसाठी ३०० किंवा ३३० हे आकडे आपण ऐकले असतील. ते ऑफसेटच्या कागदाचे आणि शाईचे आहेत, इंकजेटला ते तसेच लावू नयेत.

चेहऱ्यांवरचे कण हा प्रश्न वेगळा आहे आणि प्रिंटरच्या प्रोफाइलमधला सर्वांत नाजूक भाग तोच आहे. रंग तीन आकड्यांनी ठरतो आणि शाया चार असतात. म्हणून एकच राखाडी रंग नुसत्या निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या शाईतूनही मिळतो, नुसत्या काळीतूनही मिळतो आणि मधल्या असंख्य मिश्रणांतूनही. त्यांतले कोणते मिश्रण निवडायचे, हे रीडिंगच्या फाइलीत लिहिलेले नसते. ते आपण सांगायचे असते. आपण काही सांगितले नाही तेव्हा आर्गिलने आपला नेहमीचा मार्ग घेतला, म्हणजे पांढऱ्यापासूनच काळी शाई थोडी थोडी घालत नेली. गव्हाळ त्वचेच्या फिकट छटेत काळ्या शाईचे तुरळक ठिपके पडले की ते डोळ्याला कणासारखे टोचतात, कारण भोवतीचा रंग हलका असतो आणि काळा ठिपका सगळ्यांत ठळक. यासाठी कोलप्रॉफला ‘के’ पर्यायाबरोबर ‘पी’ देऊन वक्र स्वतः ठरवावा. त्यात पाच आकडे द्यायचे असतात: काळी शाई कोणत्या पातळीवर सुरू व्हावी, पांढऱ्यापासून किती अंतरावर सुरू व्हावी, कुठे पूर्ण व्हावी, किती पातळीला पूर्ण व्हावी आणि वक्राचा आकार कसा असावा. प्रूफाच्या इंकजेटसाठी मी सुरुवात (पांढरा ० आणि काळा १ धरून) पांढऱ्यापासून ०.३ च्या आसपास ठेवतो, म्हणजे फिकट आणि मध्यम छटा रंगीत शायांतूनच उभ्या राहतात आणि त्वचेत काळा येत नाही. आपल्या प्रिंटरमध्ये फिकट काळी शाईही असेल तर एवढे लांब जायची गरज नाही, ०.१५ पुरेल.

प्रत्येक वेळी नवे प्रोफाइल करून छापून पाहण्यापेक्षा झिकल्यू या प्रोग्रॅमला ‘जी’ पर्याय देऊन चारही शायांचे आलेख पडद्यावर पाहावेत. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या राखाडी पट्ट्यात कोणती शाई किती लागते ते तिथे दिसते, आणि काळ्याचे पाच आकडे व शाईची मर्यादा तिथेच बदलून पाहता येते. काळ्याची रेषा हळुवार वर जायला हवी. ती एखाद्या जागी कड्यासारखी उभी चढली तर त्या छटेवर छपाईत पट्टा दिसेल. आकाशाच्या उतरत्या छटांत तो पहिल्यांदा उठून दिसतो. मला स्वतःला हा आलेख समजून घ्यायला बरेच दिवस लागले होते, पण तो समजल्यापासून माझे कागद आणि शाई खूप वाचली आहे. ऑफसेटसाठी प्रोफाइल करणाऱ्यांनी मात्र काळ्याला इतके मागे ढकलू नये. तिथे रंगीत शायांचा तोल छपाई चालू असताना ढळतो आणि काळी शाई जास्त असेल तर राखाडी भाग स्थिर राहतो.

कोलप्रॉफच्या बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवायची गरज नाही. गुणवत्ता ‘क्यू एच’ ठेवावी. त्याहून वरची पातळी वेळ खाते आणि या कामात काही देत नाही. ‘आर’ हा पर्याय रीडिंगमध्ये सरासरी किती टक्के डळमळ धरावी ते सांगतो; तो न दिल्यास ०.५ धरला जातो. आपली फाइल एकाच वेळी, एकाच प्रतीवरून मोजलेली आहे, म्हणून मी १ देईन. त्याने प्रोफाइल एकेका पॅचच्या मागे न धावता थोडे गुळगुळीत होते. ‘एस’ पर्यायाने मूळ रंगपट, उदाहरणार्थ एसआरजीबी, दिला नाही तर प्रोफाइलमध्ये फक्त कलरिमेट्रिक (रंग मोजमापाप्रमाणे जुळवणारा) तक्ता तयार होतो आणि परसेप्च्युअल (सगळे रंग आकसून आवाक्यात बसवणारा) निवडला तरी तेच उत्तर मिळते. प्रूफ आपण ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक पद्धतीने, म्हणजे कागदाच्या छटेसकट रंग जुळवून, काढणार असल्याने तिथे त्याने काही अडत नाही. याच प्रिंटरवर आपण छायाचित्रेही छापत असाल तर मात्र ‘एस’ देऊन दुसरे प्रोफाइल करावे आणि त्याच्या वर्णनात कागदाचे नाव, मर्यादा आणि रीडिंगची तारीख लिहावी.

हे सगळे केल्यावर प्रोफचेक पुन्हा चालवा. १६१७ पॅचच्या फाइलीत सरासरी १ च्या आत आणि कमाल ४ ते ५ च्या आत आली, तर मी पुढे जातो. पण हा आकडा प्रोफाइल आपल्या जुन्या रीडिंगशी किती जुळते एवढेच सांगतो. आजचा प्रिंटर त्या रीडिंगशी जुळतो की नाही, याविषयी त्यात काहीच नसते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मासिकाच्या मुखपृष्ठाचे प्रूफ मी अशाच उत्तम आकड्यांच्या भरवशावर दिले होते. फाइलीच्या नावात कागदाचे नाव बरोबर होते, पण त्या कागदाचा नवा लॉट वेगळ्या लेपाचा आला होता, आणि मुखपृष्ठावरचे लाल नऊवार प्रूफात विटकरी दिसले. ऑफसेटवाल्यांनी ते प्रूफ समोर ठेवून तसेच छापले.

म्हणून उपकरण एक तासासाठी का होईना, उसने किंवा भाड्याने आणावे. ते एम० पद्धतीत मोजू शकणारे असावे, म्हणजे तुलना सरळ होईल. जुन्या चार्टातले साधारण ५० पॅच निवडा: कोरा कागद, चारही भरीव शाया, प्रत्येकीची २५, ५० आणि ७५ टक्क्यांच्या आसपासची छटा, दोन-दोन शायांतून होणारी लाल, हिरवा आणि गडद निळा ही भरीव मिश्रणे, राखाडी पट्टा आणि आपण ठरवलेल्या मर्यादेजवळचे काही गडद रंग. ते प्रोफाइल न लावता, जुन्याच कॅलिब्रेशनने आणि त्याच कागदावर छापा, आधी नोझल-चेक (सगळी छिद्रे शाई सोडतात का याची चाचणी) काढा, आणि शाई पूर्ण वाळू द्या. घाई नसेल तर दुसऱ्या दिवशी मोजा. नवे आकडे जुन्या फाइलीतल्या त्याच पॅचांच्या आकड्यांशी लावून पाहा. सरासरी डेल्टा ई २००० जर २ च्या आत असेल, तर आपली जुनी फाइल आजही उपयोगाची आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे केलेले प्रोफाइल बिनधास्त वापरा. ती २ ते ४ च्या दरम्यान आली आणि फरक मुख्यतः एकेरी शायांच्या मधल्या छटांत असेल, तर रिपमध्ये जुन्या लक्ष्य-आकड्यांपर्यंत पुन्हा लिनिअरायझेशन करा. बहुतेक वेळा तेवढ्याने यंत्र जुन्या स्थितीत परत येते आणि प्रोफाइलला हात लावावा लागत नाही. कोरा कागदच २ पेक्षा जास्त हलला असेल किंवा भरीव शायांचा रंगच बदललेला दिसला, तर कागद किंवा शाई बदललेली आहे, आणि मग उपकरण हाताशी असतानाच पूर्ण चार्ट नव्याने छापून मोजून घ्यावा. शक्य असेल तर तो दोन प्रतींवर मोजा आणि दोन्ही टीआय३ फाइली आर्गिलच्या ॲव्हरेज प्रोग्रॅमने एकत्र करा. वर ठरवलेली मर्यादेची आणि काळ्याच्या वक्राची पद्धत त्या नव्या फाइलीलाही जशीच्या तशी लागू होते. आकडे तेवढे नव्या रीडिंगवरून पुन्हा काढावेत.